धावण्याआधी गणित

अमरावतीच्या राजापेठेत ‘पोरगा काय करते?’ असं विचारलं, की कुठे ना कुठे हमखास उत्तर येतं, ‘आर्मीची तयारी करून राह्यला.’ तयारी म्हणजे पहाटे मैदान गाठायचं, १६०० मीटर धावायचं, पुलअप्स काढायचे. अंग कमावण्याची हौस या शहराला जुनीच आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी थेट बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आलं होतं. मात्र १६०० मीटरची ती धाव जवानाच्या भरतीसाठी असते. अधिकारी निवडताना घड्याळ लावून अशी धाव घेतच नाहीत. उंचीचंही तसंच. जनरल ड्युटीच्या भरतीत आपल्याकडच्या मुलाला १६८ सेंटिमीटर उंची लागते; राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून, लष्करात जाणाऱ्याला १५७ पुरते. म्हणजे भरतीच्या मापात न बसलेला पोरगा अधिकाऱ्याच्या मापात बसू शकतो, आणि हे त्याला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

बारावीनंतरचा रस्ता एनडीएचा. यूपीएससी वर्षातून दोनदा ही परीक्षा घेते आणि वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणीला ६००. त्यातले २०० एकट्या इंग्रजीचे. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, मराठीत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा अडतो तो इथे, मैदानावर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या आदेशानंतर हा रस्ता मुलींनाही खुला झाला आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडली.

लेखी परीक्षा पार पडली की बोलावणं येतं सेवा निवड मंडळाचं, म्हणजे एसएसबीचं. वऱ्हाडातून जवळचं मंडळ भोपाळचं. बडनेऱ्याहून नागपूर किंवा भुसावळमार्गे गाडी पकडायची. मुक्काम पाच दिवसांचा, गुण ९००, म्हणजे लेखी परीक्षेइतकेच. पहिल्याच दिवशी चाळणी लागते. बुद्धिमत्ता चाचणी होते, मग एक अंधूक चित्र तीस सेकंद दाखवतात. त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात बसून सगळ्यांची मिळून एक गोष्ट ठरवायची. यात जे गळाले ते त्याच दिवशी परतीची गाडी धरतात.

उरलेल्यांची पारख तिघे जण तीन बाजूंनी करतात. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराला भेटतही नाही, फक्त त्याचं लिखाण वाचतो. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. मग साठ शब्द. प्रत्येकाला पंधरा सेकंद, तेवढ्यात मनात येईल ते वाक्य उतरवायचं. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग. मुलाखत घेणारा अधिकारी घर, गाव, शाळा, मित्र असं खोदत जातो. तिसरा असतो गट चाचणी अधिकारी. तो फळ्या, दोर आणि पिंपं देऊन गटाला अडथळा ओलांडायला सांगतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो. कोण ओरडतो, कोण ऐकतो, कोण मागे पडलेल्याला हात देतो, यावर त्याचा डोळा. मनसा, वाचा, कर्मणा अशी ही विभागणी. तिघे आपापले गुण स्वतंत्रपणे देतात आणि पाचव्या दिवशीच एकत्र बसतात. पाठ केलेली उत्तरं उघडी पडतात ती याचमुळे: लिहिताना धाडसी झालेला मुलगा दोरापाशी मागे सरकला, तर ते लपत नाही.

तरी तयारी करताच येत नाही, असंही नाही. एसएसबीचं पत्र हातात आलेल्यांसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत. अर्जाची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. कॉलेजात एनसीसी केलेल्या पदवीधराकडे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत असेल आणि पदवीला ५० टक्के असतील, तर त्याला लेखी परीक्षाच माफ. खास प्रवेशातून तो सरळ एसएसबीपर्यंत पोहोचतो. एनसीसीचं गट मुख्यालय अमरावतीतच आहे, तरी कित्येक पोरं परेडकडे नाश्त्यापुरतीच पाहतात.

मात्र सगळ्यात पक्की तयारी दहावीनंतर लगेच सुरू होते. महाराष्ट्राचे अधिकारी वाढावेत म्हणून सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीच्या वर्षी परीक्षा आणि मुलाखत घेऊन ती सुमारे साठ मुलं निवडते. मग दोन वर्षं अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी, कसरत आणि इंग्रजीतून बोलण्याचा सराव. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ पासून नाशिकला आहे.

दोन वर्षं का लागतात, हे एसएसबीची पद्धत पाहिली की कळतं. १६०० मीटरचा वेळ काही महिन्यांच्या सरावाने खाली येतो. चारचौघांत उठून बोलणं, दुसऱ्याचं ऐकून निर्णय घेणं आणि गणिताची भीती जाणं एवढ्यात होत नाही. वऱ्हाडात ही चौकशी बहुधा बारावीचा निकाल लागल्यावर, नाहीतर भरतीतून परत आल्यावर होते. तोवर संभाजीनगरचं दार बंद झालेलं असतं आणि एनडीएच्या एक-दोनच संधी उरतात. म्हणून पोराला पहाटे मैदानावर सोडणाऱ्या बापाने त्याच्या नववीतच शाळेत जाऊन गणिताच्या मास्तरांना भेटावं आणि पुढच्या वर्षीच्या संभाजीनगरच्या परीक्षेचा अर्ज कधी निघतो, ते विचारून ठेवावं.