अंगणवाडीची नोंद : वहीतून टॅबवर

अंगणवाडी हा शब्द आज देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात समजतो. परंतु त्याची मुळे डहाणू तालुक्यात रुजली आहेत, याची जाणीव थोड्यांनाच असते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य स्थिरावले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा त्यामागील साधा विचार होय. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा गावपातळीवरील केंद्रास अंगणवाडी हेच नाव मिळाले. शालापूर्व शिक्षणाच्या जोडीला पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि आरोग्यशिक्षण आले. त्या प्रत्येकाबरोबर एकेक नोंदवहीही आली.

अलीकडच्या सुधारित नमुन्यानुसार या नोंदवह्यांची संख्या अकरा होती. एकाच बालकाचे नाव कुटुंब सर्वेक्षणात, आहारवाटपात, वजनाच्या नोंदीत, लसीकरणात आणि गृहभेटीच्या वहीत पुनःपुन्हा लिहावे लागे. महिनाअखेर सेविकेने गोषवारा काढावयाचा, मुख्यसेविकेने आपल्या गटाची बेरीज करावयाची, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी तालुक्याची आणि जिल्हा परिषदेने जिल्ह्याची. बेरजा चुकत नसत असे नाही. पण खरा दोष निराळाच होता. वर गेलेल्या कागदावर बालकांची संख्या असे, बालक नसे. एखाद्या पाड्यावर तीन बालके तीव्र कुपोषित आहेत एवढे तालुक्यास समजे. ती तीन कोणती आणि मागील महिन्यातील तीच की नवी, हे समजण्यास पुन्हा पाड्यावरच जावे लागे. तीव्र कुपोषित बालकाच्या बाबतीत एक महिना हा अल्प काळ नव्हे.

आरोग्यसेविकांसाठी २०१६ मध्ये ‘अनमोल’ ही टॅबवरील नोंदपद्धती आली. अंगणवाड्यांसाठी २०१८ मधील पोषण अभियानाबरोबर मोबाइलवरील पहिली प्रणाली आली आणि मार्च २०२१ पासून तिची जागा ‘पोषण ट्रॅकर’ने घेतली. उपकरण टॅब असो वा मोबाइल, तत्त्व एकच आहे. गरोदर मातेची नोंद एकदा करावयाची. शेवटच्या पाळीची तारीख भरली की प्रसूतीची अपेक्षित तारीख यंत्रच काढते. तपासण्या आणि लसी केव्हा द्यावयाच्या तेही तेच सांगते. मूल जन्मले की त्याची नोंद आईच्या नोंदीस जोडली जाते. महिन्याचा अहवाल निराळा लिहावा लागत नाही. रोजच्या नोंदींतूनच तो आपोआप तयार होतो.

वजन-उंचीच्या नोंदीत हा लाभ सर्वांत ठळक दिसतो. पूर्वी सेविका वृद्धीपत्रकावर टिंब देऊन श्रेणी ठरवीत असे. आता वय, वजन व उंची भरली की जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ मधील मानकांशी तुलना होऊन श्रेणी क्षणात पडद्यावर दिसते.

परंतु यंत्र गणित अचूक करते म्हणून माहिती अचूक होते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. दोन वर्षांच्या आतील बालकाची लांबी निजवून मोजावयाची असते, त्यावरील बालकाची उंची उभे करून. या दोन मापांत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि काठावरच्या बालकाची श्रेणी तेवढ्याने बदलू शकते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास बालक तीव्र कुपोषित गणले जाते, ११.४ च्या जागी अनवधानाने १४.१ भरले गेले, तर तेच बालक पडद्यावर सुदृढ ठरते. वहीत खाडाखोड तरी दिसत असे, येथे ती दिसत नाही. जन्मतारीख हा तर मुळाचाच प्रश्न होय. प्रसूती घरी झाली असेल आणि तारीख आठवत नसेल, तर महिन्याची पहिली तारीख टाकून देण्याचा मोह होतो. मग वय चुकते आणि वयावर आधारलेले सारेच चुकते. अशा वेळी आईला तारीख न विचारता भातलावणी, दिवाळी, होळी अशा खुणा विचाराव्यात, हा जुन्या सेविकांचा मार्ग आजही उत्तम आहे.

पाडा आणि पडदा

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वस्ती मुख्यतः वारली, तसेच मल्हार कोळी, कोकणा, दुबळा, कातकरी या समाजांची. येथील गाव म्हणजे एकत्र वसलेली घरे नव्हेत. ते डोंगरउतारावर विखुरलेल्या पाड्यांचे मिळून बनते. महामार्गाच्या व रेल्वेच्या पट्ट्यात संदेशयंत्रणा बरी चालते. आत सायवन, उधवा यांसारख्या भागांकडे वळले की चित्र पालटते. म्हणून जोडणी नसतानाही माहिती भरता येणे आणि जोडणी मिळताच ती पुढे जाणे, ही सोय येथे सर्वांत मोलाची. ‘अनमोल’मध्ये ती प्रथमपासून आहे.

दुसरी अडचण नावांची. वारांवरून मुलांची नावे ठेवण्याची येथे जुनी रीत आहे आणि एका पाड्यात अनेक घरांचे आडनाव एकच असते. घरातील हाक एक, आधार कार्डावरील नाव दुसरे, रुग्णालयातील कागदावर तिसरे. यंत्र एका अक्षराच्या फरकानेही दोन व्यक्ती मानते. सेविका मात्र माणसास चेहऱ्याने ओळखते. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या शिध्यासाठी लाभार्थीच्या चेहऱ्याची पडताळणी आवश्यक करण्यात आली आहे. गैरवाटप रोखण्याचा तिचा हेतू योग्यच. तथापि जोडणी तुटली किंवा आधारशी जोडलेला मोबाइल पतीबरोबर कामावर गेला, तर समोर बसलेली गरोदर माता रिकाम्या हाताने परतू नये, याची जबाबदारी यंत्राची नसून कार्यालयाची आहे.

पती कामावर गेला, हे वाक्य येथे सहज लिहिण्याजोगे नाही. भातकापणी संपली की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, तर पुरुष गुजरातच्या मासेमारी नौकांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वहीच्या काळात असे मूल ‘स्थलांतरित’ या एका शेऱ्यानिशी नोंदीतून निघून जाई. महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने २०२१ मध्ये स्थलांतरितांचा मागोवा घेणारी पद्धती सहा जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर हाती घेतली. त्यांत अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली, जालना व नंदुरबार यांबरोबर पालघरचा समावेश होता. कुटुंब निघण्यापूर्वी त्याची नोंद करून क्रमांक द्यावयाचा आणि मुक्कामाच्या ठिकाणच्या अंगणवाडीने त्या क्रमांकावरून आहार व लसीकरण पुढे चालू ठेवावयाचे, अशी तिची रचना आहे. टॅबचे खरे सामर्थ्य येथे आहे, कारण वही पाड्यावरच राहते आणि क्रमांक बालकाबरोबर जातो. अर्थात, निघताना नोंद झाली तरच. शिक्षकांनाही हा अनुभव नवा नाही. स्थलांतरित विद्यार्थ्यांस दिले जाणारे शिक्षण हमी पत्रक याच विचारातून आले आहे. शिक्षक आणि सेविका यांनी दिवाळीपूर्वी एकत्र बसून निघणाऱ्या कुटुंबांची यादी केली, तर दोघांचेही काम हलके होईल.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अनेक सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले होते, याचा उल्लेख टाळून चालणार नाही. उपकरणे मंद व वारंवार बिघडणारी आणि प्रणालीत इंग्रजीचा वापर, ही त्यांची तक्रार होती. आता प्रणाली मराठीतही आहे. परंतु टॅबवर भरलेली माहिती वरिष्ठांच्या मागणीवरून पुन्हा कागदावर आणि वर व्हॉट्सअॅपवर छायाचित्रानिशी पाठवावी लागत असेल, तर काम कमी झाले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? जी माहिती प्रणालीत आहे ती कागदावर मागू नये, एवढे प्रत्येक कार्यालयाने ठरविले तरी सेविकेस आठवड्यातील काही तास मुलांसाठी परत मिळतील.

पंचायत सदस्यांच्या हाती असलेल्या गोष्टी लहान आहेत, पण त्यांवाचून अडते. अंगणवाडीच्या इमारतीत वीज अथवा सौर संच आहे काय, वजनकाटा शून्यावर येतो काय, उंची मोजण्याची पट्टी भिंतीवर सरळ बसविली आहे काय, हे पाहणे ग्रामसभेस आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीस सहज शक्य आहे. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या अबंध निधीतून अशा गरजांचा विचार ग्रामसभेत करता येईल. समितीपुढे महिन्याचे आकडे ठेवावेत. मात्र कुपोषित बालकांची नावे चावडीवर वाचू नयेत व त्यांची छायाचित्रे गटांवर फिरवू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि पाड्यावरच्या आईची माहितीही त्याच्या कक्षेत येते. नावांची यादी सेविका, आशा, आरोग्यसेविका आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यापुरतीच राहावी. घरभेटीस जाण्यासाठी तिची गरज त्यांनाच आहे.