मत्स्यालयातील माशांचे असामान्य वर्तन

मत्स्यालयातील माशांचे असामान्य वर्तन म्हणजे काचेच्या टाकीत किंवा बागेतील हौदात पाळलेल्या माशाने आपल्या जातीच्या नेहमीच्या सवयी सोडून वेगळे वागणे. पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करणे, दगडावर अंग घासणे, पर आखडून तळाशी बसणे, तोल जाऊन उलटे तरंगणे, काचेलगत सतत वरखाली फिरणे, पाण्याबाहेर उडी घेणे आणि अन्न नाकारणे ही त्याची ठळक रूपे होत. अशा वर्तनामागे रोग असू शकतो. परंतु त्याहून अधिक वेळा कारण पाण्यात सापडते. रोग समजून घाईने औषध टाकल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि औषधाचा भार वाढून मासे दगावतात. पाण्याचा स्वभाव प्रदेशानुसार आणि ऋतूनुसार बदलतो. या लेखात त्याची उदाहरणे प्रामुख्याने रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांतील आहेत.

नैसर्गिक वर्तनाशी होणारी गल्लत

एका जातीचे आजारी वर्तन दुसऱ्या जातीचे नित्यवर्तन असू शकते. फायटर आणि गुरामी या माशांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस लॅबिरिंथ नावाचा घड्यांचा अवयव असतो व त्याद्वारे ते हवेतील प्राणवायू घेतात. त्यामुळे त्यांचे अधूनमधून वर येणे स्वाभाविक आहे. कोरिडोरास हा तळाशी वावरणारा छोटा मासा एकदम वर झेपावतो, हवेचा घोट गिळतो आणि परततो. ती हवा तो आतड्यातून शोषतो. क्लाऊन लोच मासा आडवा पडून विश्रांती घेतो आणि नवख्या पालकास मेलेला वाटतो. काँगो नदीच्या खोऱ्यातील सिनोडॉन्टिस निग्रिव्हेंट्रिस तर बहुतेक वेळ पोट वर करून पोहतो. डेंग्यू व हिवतापाच्या नियंत्रणासाठी आरोग्य विभागाकडून साठवणीच्या पाण्यात सोडला जाणारा गप्पी मासा वर वळलेल्या तोंडामुळे पृष्ठभागाजवळच राहतो.

प्रजननाच्या काळातील बदलही फसवे असतात. तोंडात अंडी उबवणाऱ्या सिक्लिड माशाची मादी दोन-तीन आठवडे अन्नाला जवळजवळ स्पर्श करीत नाही. फायटरचा नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि मादीलाही हुसकावून लावतो.

भीतीचे वर्तन वेगळे ओळखावे लागते. कार्ल फॉन फ्रिश या प्राणिशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये दाखवून दिले, की मिनो जातीच्या माशाची त्वचा जखमी झाल्यास तिच्यातून एक रासायनिक द्रव्य पाण्यात पसरते आणि त्याच्या वासाने थव्यातील इतर मासे घाबरतात. बार्ब, दानिओ आणि गोल्डफिश हे याच मोठ्या गटातील आहेत. त्यामुळे जाळीत अडकून एका माशाचे खवले सुटले, तरी सर्व टाकी काही काळ दडून बसते. अशा वेळी टाकीवरील दिवा मालवून तिला एकटे सोडणे पुरेसे होते.

पाण्यातील दोष आणि त्यांची चिन्हे

सर्व मासे एकाच वेळी वर येऊन हापसत असतील, तर प्रथम प्राणवायूची कमतरता गृहीत धरावी. एकच मासा तसे करीत असेल, तर त्याच्या कल्ल्यांचा विकार संभवतो. हा भेद अगदी साधा आहे, पण निदानात त्याचा उपयोग फार मोठा होतो.

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि याच काळात सर्वाधिक तक्रारी उद्भवतात. अमोनियामुळे कल्ले लाल होतात, मासा झटके देत पोहतो आणि अंग घासतो. त्याचा विषारी अंश पाण्याच्या पीएचवर अवलंबून असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ असताना तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून चाचणीचा तोच आकडा एका घरी निभावतो आणि दुसऱ्या घरी घातक ठरतो. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो आणि त्याचे रक्त तपकिरी दिसते. साध्या मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाण्यास अडवते. लिटरमागे सुमारे १ ग्रॅम मीठ बहुतेक जातींना सोसते.

मुंबईहून लोकलने प्लास्टिकच्या पिशवीत आणलेल्या माशांबाबत हेच रसायन उलट्या क्रमाने घडते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि विषारीपणा वाढतो. कर्जतपर्यंतच्या सुमारे दोन तासांच्या प्रवासात हा धोका अल्प असतो. मात्र पिशवी आदल्या दिवशीच बांधलेली असेल, तर ती उघडून तासभर ताटकळत ठेवणे योग्य नव्हे. तापमान जुळवून मासे लवकर टाकीत घ्यावेत आणि पिशवीतील पाणी टाकून द्यावे.

कर्जत–खालापूर परिसरातील ऋतुमान

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या या परिसरात उन्हाळ्याचा पारा अनेकदा ४० अंशांच्या पुढे जातो आणि जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस पडतो. खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांतून सुटणारे घाटमाथ्यावरील पाणी पाताळगंगा व पेज या नद्यांना उन्हाळ्यातही वाहते ठेवते. नदीवरच्या योजनेचे पाणी त्यामुळे बहुधा मृदू असते. नदीपासून दूरच्या वाड्या मात्र विहिरी, बोअरवेल व टँकरवर अवलंबून राहतात आणि तेथील पाण्यात क्षार अधिक असतात. काही किलोमीटर अंतरावरील दोन घरांत पाणी इतके भिन्न असू शकते, की एका टाकीतून दुसरीत दिलेला धडधाकट मासा पर आखडून तळाशी बसतो. बोअरवेलच्या ताज्या पाण्यात प्राणवायूही कमी असतो. ते रात्रभर बादलीत एअर पंप लावून ठेवल्यावर वापरणे इष्ट.

उन्हाळ्यात पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम असलेले त्याचे प्रमाण ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येते, आणि त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढते. दुपारी वीज गेली, की गोल्डफिशची टाकी तासाभरातही वर येऊन हापसू लागते. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप अशा वेळी कोणत्याही औषधापेक्षा मोलाचा असतो.

पहिल्या मोठ्या पावसात नदीतील शिंगटी, खवल यांसारखे मासे प्रवाहाविरुद्ध चढून ओढ्यांत व भातखाचरांत अंडी घालण्यास येतात. रायगड व ठाणे जिल्ह्यांत याला वलगण म्हणतात आणि रात्री उजेड घेऊन वलगणीचे मासे धरण्याची येथे जुनी रीत आहे. मत्स्यालयातील माशांमध्येही या प्रेरणेची छाया दिसते. जूनमध्ये थंड, मृदू पाण्याने टाकीतील पाणी बदलल्यावर बार्ब, दानिओ व कोरिडोरास एकमेकांचा पाठलाग करतात, काचेवर घासतात, कधी उडीही घेतात. नर मादीच्या मागे असतील आणि श्वसन शांत असेल, तर तो रोग नसून विणीचा उत्साह असतो. टाकीवर झाकण ठेवले म्हणजे झाले.

पावसाळ्यातील खरा धोका दुसरीकडून येतो. गढूळ पाणी शुद्ध करण्यासाठी ग्रामपंचायती विहिरींत व टाक्यांत टीसीएल पावडर टाकतात. माणसाच्या आरोग्यासाठी ती आवश्यकच आहे. मात्र तिच्यातील क्लोरीन माशांचे कल्ले भाजून काढतो. एरवी नळाचे पाणी थेट टाकीत ओतूनही निभावलेल्या पालकाचे मासे जुलैमध्ये अचानक सैरभैर होतात, ते बहुधा यामुळे. सोडियम थायोसल्फेटचे, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या अँटीक्लोरिनचे, काही थेंब क्लोरीन तत्काळ निष्प्रभ करतात. याच दिवसांत डासांविरुद्ध धूरफवारणी होते आणि घरोघरी डास मारणारी यंत्रे लागतात. त्यांतील पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये माशांना अत्यंत विषारी असून एअर पंप खोलीतील हवा थेट पाण्यात सोडतो. आकडी, गिरक्या आणि तोल जाणे ही त्याची लक्षणे. गणपतीपूर्वीच्या रंगकामातील वाफांबाबतही तीच सावधगिरी लागू पडते.

रोगजन्य वर्तन

पाणी निर्दोष ठरल्यानंतरही अंग घासणे थांबत नसेल, तर परजीवींचा विचार करावा. इक्थिओफ्थिरियस या एकपेशीय परजीवीमुळे अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात. पावसाळ्यात टाकीचे तापमान झपाट्याने उतरल्यावर हा रोग विशेष बळावतो. ठिपक्यातील परजीवी त्वचेखाली असल्याने औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ते पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या अवस्थेवरच काम करते. म्हणून ठिपके नाहीसे होताच उपचार थांबवणे ही सर्रास होणारी चूक आहे. लोच व खवले नसलेल्या इतर माशांना मॅलाकाइट ग्रीन व तांबेयुक्त औषधे सहज बाधतात.

गोलसर शरीराच्या ओरांडा, रॅन्चू यांसारख्या गोल्डफिशचे उलटे तरंगणे वाताशयाशी निगडित असते. कोरडे तरंगते अन्न खाताना हवा गिळली जाणे किंवा बद्धकोष्ठता होणे ही त्याची साधी कारणे होत. दोन-तीन दिवस उपवास आणि नंतर भिजवलेले अन्न दिल्याने अनेकदा सुधारणा होते. जिवाणूसंसर्गाने किंवा जन्मजात रचनेने आलेला दोष मात्र असा जात नाही.

निरीक्षणाचा क्रम

किती मासे बाधित आहेत, वर्तन कधी सुरू झाले आणि आदल्या दोन दिवसांत काय बदलले, हे तीन प्रश्न औषधाच्या बाटलीआधी येतात. त्यानंतर तापमान, पीएच, अमोनिया व नायट्राइट तपासावे. कारण कळले नाही तरी तापमान जुळवलेल्या, क्लोरीनमुक्त पाण्याने पाव ते अर्धे पाणी बदलणे क्वचितच अपाय करते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. त्यातील जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या आठवड्यावर येते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. दिवसातून एकदा, अन्न देताना, कोण पुढे येते व कोण मागे राहते हे पाहण्याची सवय असलेल्या पालकास बिघाड इतरांपेक्षा लवकर कळतो.

नैसर्गिक पाण्यात सोडणे

आजारी, भांडखोर अथवा नकोसा झालेला मासा उल्हास, पेज किंवा जवळच्या तलावात सोडण्याचा मोह अनेकांना होतो. अशा माशाबरोबर परजीवीही नदीत जातात, आणि टिकून राहिलेली परदेशी जात स्थानिक माशांचे अन्न व विणीच्या जागा बळकावते. मत्स्यालयातून नैसर्गिक पाण्यात पोहोचलेला दक्षिण अमेरिकेतील सकरमाउथ मासा उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. नको असलेला मासा दुकानदारास परत करता येतो किंवा दुसऱ्या पालकाकडे सोपवता येतो; दोन्ही वेळी त्याच्या आजाराची माहिती सोबत द्यावी लागते.