कर्जाचं तूप कोणी पाजलं?

चार्वाकाबद्दल आपल्याला बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते: कर्ज काढा, पण तूप प्या, असं त्याने सांगितलं. हप्त्यांवर मोबाइल घेण्याच्या काळात हा विनोद जास्तच चालतो. पण हे चार्वाकाच्या स्वतःच्या ग्रंथात पडताळून पाहायचं म्हटलं तर ग्रंथच शिल्लक नाही. बृहस्पतीच्या नावाने ओळखली जाणारी त्या परंपरेची सूत्रं लुप्त झाली. उरलं ते बौद्ध, जैन, नैयायिक आणि वेदान्ती पंडितांनी खंडन करण्यासाठी उद्धृत केलेलं. म्हणजे आरोपीची जबानी आपण फिर्यादीच्या तोंडून ऐकतो आहोत.

तुपाचा श्लोक आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून. माधवाचार्यांच्या नावावर असलेला हा ग्रंथ चौदाव्या शतकातला, म्हणजे चार्वाक मताच्या उदयानंतर कित्येक शतकांनी लिहिलेला. त्यात चार्वाकावरच्या प्रकरणाच्या सुरुवातीला हा श्लोक येतो तेव्हा तूपही नाही आणि कर्जही नाही. जिवंत आहात तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या तावडीतून कोणी सुटत नाही, एवढंच म्हटलेलं आहे. त्याच प्रकरणाच्या शेवटी श्लोक पुन्हा येतो आणि या वेळी मृत्यूच्या जागी उधारीचं तूप अवतरतं! कोलकात्याचे अभ्यासक रामकृष्ण भट्टाचार्य यांनी जुने उल्लेख गोळा करून दाखवलं की मृत्यूचा पाठ आधीचा आहे. तूप नंतर कोणीतरी ओतलं. माझ्या मते ते थट्टेखातर ओतलं असावं, पण एवढी यशस्वी थट्टा क्वचितच कोणाला साधली असेल.

दुसरा आरोप तर्काचा. चार्वाक फक्त डोळ्यांना दिसेल तेच मानतो, मग धूर पाहून आग ओळखणंही त्याला जमायचं नाही, अशी खिल्ली उडवली जाते. पण आठव्या शतकातल्या कमलशील या बौद्ध पंडिताने पुरंदर नावाच्या चार्वाकाचं मत नोंदवून ठेवलं आहे. रोजच्या व्यवहारातलं, पडताळता येणारं अनुमान पुरंदरला मान्य होतं. त्याची हरकत होती ती परलोकासारख्या, कधीच तपासता न येणाऱ्या गोष्टी अनुमानाने सिद्ध करण्याला. ही भूमिका आज कोणालाही समंजस वाटेल. मराठीत सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांनी चार्वाकावर स्वतंत्र पुस्तकं लिहिली, तरी लोकांच्या बोलण्यातलं तूप काही आटलं नाही.

ग्रीसमधल्या एपिक्युरसचं नशीबही असंच. इसवी सनापूर्वी ३४१मध्ये सामोस बेटावर जन्मलेल्या या माणसाचं नाव इंग्रजीत चोखंदळ खवय्याला चिकटलं आहे. प्रत्यक्षात अथेन्समधल्या त्याच्या बागेत भाकरी आणि पाणी हाच नेहमीचा आहार होता. मेजवानी करावीशी वाटली तर एखादं चीजचं मडकं पाठवून दे, असं त्याने एका मित्राला कळवलं होतं. सुख हेच ध्येय, असं तो म्हणाला खरा. पण शरीराला वेदना नसणं आणि मनाला धास्ती नसणं, हा त्याच्या लेखी सुखाचा अर्थ होता. खाणंपिणं आणि विषयभोग म्हणजे सुख नव्हे, हा खुलासा मेनोइकेउसला लिहिलेल्या पत्रात त्याला स्वतःलाच करावा लागला. म्हणजे अफवा तो जिवंत असतानाच फिरत होत्या.

त्या कोणी पसरवल्या याचीही नोंद आहे. त्याच्या पंथातून बाहेर पडलेल्या तिमोक्रातीसने लिहिलं की हा दिवसातून दोनदा ओकतो, इतकं खातो. स्टोइक या प्रतिस्पर्धी पंथातल्या दिओतिमोसने एपिक्युरसच्या नावावर पन्नास अश्लील पत्रं खपवली. बागेत स्त्रिया आणि गुलामही शिकायला येत, त्यामुळे अथेन्सच्या प्रतिष्ठितांनी काय काय तर्क लढवले असतील ते सांगायला नको. त्याला नास्तिकही म्हटलं जातं, तेही चूक. देव आहेत, पण ते माणसांच्या भानगडीत पडत नाहीत, असं त्याचं मत होतं.

मॅकियाव्हेलीबद्दल थोडक्यात. चांगल्या हेतूसाठी कोणतंही साधन चालतं, हे त्याचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य ‘द प्रिन्स’मध्ये त्या शब्दांत नाही. हा माणूस १४९८पासून चौदा वर्षं फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाच्या नोकरीत होता. मेदिची घराणं परतल्यावर नोकरी गेली, आणि १५१३मध्ये कटाच्या संशयावरून त्याला कैद करून छळण्यात आलं. प्रजासत्ताकांविषयी त्याने रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासावरचा मोठा ग्रंथ लिहिला, तो फारसा कोणी उघडत नाही.

चार्वाक आणि एपिक्युरस यांना विरोधकांनी बदनाम केलं. नीत्शेच्या बाबतीत ते काम सख्ख्या बहिणीने केलं, तेही त्याचं नाव मोठं करता करता. १८८९च्या जानेवारीत तुरीनमध्ये त्याचं मानसिक संतुलन ढासळलं, ते १९००मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरलं नाही. बहीण एलिझाबेथ ही बर्नहार्ड फोर्स्टर या ज्यूद्वेष्ट्याची बायको. या जोडप्याने पॅराग्वेमध्ये ‘शुद्ध’ जर्मनांची वसाहत काढली होती. फोर्स्टरने आत्महत्या केली, वसाहत डबघाईला आली, आणि जर्मनीत परतलेल्या एलिझाबेथने आजारी भावाच्या कागदपत्रांचा ताबा घेतला. १९०१मध्ये त्याच्या टाकून दिलेल्या टिपणांमधून ‘द विल टू पॉवर’ हे पुस्तक उभं राहिलं. दुसऱ्यांना लिहिलेली काही पत्रं तिने आपल्यालाच आली आहेत अशी दाखवली. १९३५मध्ये तिच्या अंत्यविधीला हिटलर हजर होता. नात्झींचा तत्त्वज्ञ हा शिक्का नीत्शेवर बसला त्यात नवल नाही.

खुद्द नीत्शे ज्यूद्वेष्ट्यांवर इतका चिडत असे की बहिणीच्या लग्नावरून दोघांमध्ये वितुष्ट आलं, आणि प्रकाशक श्माइत्सनरच्या ज्यूविरोधी उद्योगांचाही त्याला तिटकारा होता. जर्मन राष्ट्रवादाची त्याने सतत टर उडवली. देव मेला, ही त्याची विजयी आरोळी होती, असं मानणाऱ्यांनी १८८२च्या ‘द गे सायन्स’मधला तो उतारा वाचावा. तिथे ते वाक्य भर बाजारात कंदील घेऊन फिरणाऱ्या वेड्याच्या तोंडी आहे. त्याला हसणारे लोक देव न मानणारेच आहेत. श्रद्धा गेली तर नीतीचा आधार कशावर राहणार, ही धास्ती फक्त त्या वेड्याला आहे.

१९५०च्या दशकात कार्ल श्लेख्टा या अभ्यासकाने पत्रांमधले फेरफार उघड केले. १९६७पासून कोल्ली आणि मोंतिनारी या इटालियन संपादकांनी मूळ हस्तलिखितांवरून सगळं लेखन नव्याने छापायला घेतलं. त्यांच्या आवृत्तीत ती टिपणं कालक्रमाने येतात आणि ‘द विल टू पॉवर’ नावाचं पुस्तक सापडत नाही. बाजारात मात्र ते अजूनही नीत्शेच्याच नावाने विकलं जातं.