डालग्याकडून पिंजऱ्याकडे

दिवसभर उकिरडा उकरून किडामुंगी वेचणारी, रात्री डालग्याखाली झाकली जाणारी, ऐन हंगामात खुडूक बसून घरधनिणीचा हिशेब चुकविणारी आणि मानमोडीची साथ आली की चार-आठ दिवसांत सबंध आळीतून नाहीशी होणारी गावरान कोंबडी महाराष्ट्रातील खेड्यांत कोणाच्याही जमाखर्चाच्या वहीत नव्हती. तिच्या अंड्यांचे जे चार पैसे येत ते बहुधा घरातील स्त्रीच्या गाठीला राहत. तिचे जिणे सुखाचे होते असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा, कारण मुंगूस, घार आणि रोग यांचा अंमल त्या अंगणावर अव्याहत होता. परंतु पंख पसरणे, धुळीत लोळणे, अंडे घालण्यापूर्वी आडोसा शोधणे ही तिची उपजत कर्मे कोणी हिरावून घेतली नव्हती.

ही कोंबडी वहीत आली ती व्यापारी कुक्कुटपालनाच्या धंद्यामुळे. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली, पुढे पुणे हे या धंद्याचे प्रमुख ठाणे झाले, आणि 1982 साली त्यांच्याच पुढाकाराने उत्पादकांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहून अंड्याच्या भावाची सूत्रे दलालांच्या हातून सोडविण्याचा उद्योग सुरू झाला. या कर्तृत्वाची थोरवी नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. ज्या घरांत अंडे आजाऱ्यासाठीच आणले जाई, त्यांतील कित्येकांच्या ताटात ते आता नित्याचे झाले आहे. 2019 च्या पशुगणनेत देशातील कुक्कुटांची संख्या 85 कोटींवर भरली आणि त्यांपैकी 53 कोटींहून अधिक पक्षी व्यापारी शेडमधले निघाले. म्हणजे अंगणातला पक्षी आता अल्पसंख्य झाला आहे.

या समृद्धीचा जमाखर्च मांडताना मात्र खर्चाची बाजू कोरी ठेवण्याचा शिरस्ता पडला. अंड्यांच्या जातीतील नर पिल्लू अंडेही देत नाही आणि मांसालाही परवडत नाही, म्हणून ते जन्मतःच निकालात काढले जाते; त्याची बहीण चोच कापून, तलंग झाली की तारेच्या पिंजऱ्यात जाते आणि सुमारे दीड वर्षाच्या वयात, अंडी मंदावताच, खाटकाकडे रवाना होते. ब्रॉयलरची कथा याहून आखूड असून सहा आठवड्यांच्या आत संपते. त्याला पोसणारा शेतकरीही बहुधा करारात बांधलेला असतो: पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे, शेड, वीज, तूस आणि मेहनत त्याची, आणि मोबदला किलोमागे ठरलेला. पक्षी आपल्या शेडमध्ये असूनही आपला नाही, ही स्थिती ज्याने पत्करली त्याच्याकडे दयेची अपेक्षा करावी तरी कोणत्या तोंडाने? दाटीत रोग फैलावू नये आणि वजन भराभर वाढावे म्हणून प्रतिजैविके खाद्यातून गेली. माणसाच्या उपचारात अखेरचा आधार मानलेले कोलिस्टिनही त्यांत होते, आणि त्याच्या पशुवापरावर केंद्राने बंदी घातली ती 2019 साली.

दाटीचा धोका नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरने त्याआधीच दाखविला होता. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू तेथे आढळला, लक्षावधी पक्षी मारून पुरण्यात आले, अंडी नष्ट झाली. त्यानंतर शेड पुन्हा भरल्या, आणि 2021 च्या फेब्रुवारीत त्याच गावी तोच रोग पुन्हा आला. नुकसानभरपाईची तजवीज झाली, पंचनामे झाले. पक्ष्यांची दाटी कमी करण्याचा विचार मात्र कोणत्याही दफ्तरात शिरल्याचे दिसले नाही.

कायदा नव्हता असेही नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील खटपटीतून 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, आणि पिंजरा प्राण्याला हालचालीची वाजवी संधी देईल एवढा असलाच पाहिजे, अशी तरतूद त्याच्या अकराव्या कलमात पहिल्यापासून आहे; म्हणजे ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसनबाईंनी 1964 साली कारखानी पशुपालनावर पुस्तक लिहून सरकारला ब्रॅम्बेल समिती नेमावयास लावले, त्याच्याही आधीची. आमच्या तरतुदीचे शब्द पुरेसे होते, पण त्यांना मोजपट्टी लावण्यास कोणी धजले नाही, कारण मोजपट्टी लावली की अंड्याचा भाव वाढतो आणि भाववाढीचे उत्तर निवडणुकीत द्यावे लागते. 2017 साली विधी आयोगाने आपल्या 269 व्या अहवालात या प्रश्नाचा परामर्श घेऊन नियमांचा मसुदा जोडला. तो मंत्रालयाच्या टेबलांवरून फिरत राहिला.

अखेर 2023 साली अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी केंद्राचे नियम निघाले, आणि त्यांत एका कोंबडीला किमान 550 चौरस सेंटिमीटर जागा, म्हणजे टंकलेखनाच्या एका कागदाहूनही कमी, देऊ करण्यात आली. युरोपीय संघाने साध्या पिंजऱ्यासाठी हेच 550 चौरस सेंटिमीटर 1999 साली ठरविले होते, तेही निरोपाची सोय म्हणून. कारण तो पिंजरा तेथे 1 जानेवारी 2012 पासून बेकायदा आहे.