टाईल्सच्या आधी तळाची जाळी

वऱ्हाडात विहिरीत पोहायला शिकलेल्यांना घरची एक ताकीद आठवत असेल: मोटार चालू असली की पाण्यात उतरायचं नाही. कमरेला सुका भोपळा बांधून उडी मारणाऱ्या पोरालाही फूटव्हॉल्व्ह कुठं आहे, हे ठाऊक असायचं. आता अमरावती-अकोल्याची मुलं जलतरण तलावात शिकतात. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारात तलाव आहे, नव्या वसाहतींतही छोटे तलाव होत आहेत. मोटार इथेही आहे. फरक एवढाच की ती पंपघरात असते, कुणाला दिसत नाही आणि मुलं पाण्यात असतानाही चालू असते, कारण पाणी सतत गाळावं लागतं. तिचं तोंड तळाच्या जाळीखाली असतं.

जाळी मोकळी असेल तर पंपाची ओढ जाणवतही नाही. पण तळाला एकच जाळी असेल आणि ती एखाद्या मुलाच्या पाठीने झाकली गेली, तर पंपाला दुसरीकडून पाणी मिळत नाही आणि सगळी ओढ त्या पाठीवर येते. हिशेब साधा आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या जाळीचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. पंपाने हवेच्या दाबाच्या निम्मी ओढ लावली, तरी भार दीडशे किलोच्या वर जातो. जाळी मोडकी असेल तर लांब केसही आत ओढले जाऊन गुंततात.

अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रेम बेकर जून २००२ मध्ये अशीच गेली. तिला सोडवताना दोन माणसांना इतका जोर लावावा लागला की जाळीच मोडली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ साली तिच्याच नावाने तिथे कायदा झाला. त्याचा गाभा असा: सार्वजनिक तलावाच्या जाळ्या चाचणी झालेल्या हव्यात आणि तळाला एकच झाकली जाऊ शकणारी जाळी असेल तर ओढ आपोआप तोडणारं साधन किंवा तशीच दुसरी सोय हवी. दोन जाळ्या एकाच नळाला जोडायच्या तर त्यांच्यात किमान तीन फूट अंतर लागतं. एक झाकली गेली तरी दुसरीतून पाणी येत राहतं.

दुसरी जाळी बसवण्याचं काम भरलेल्या तलावात होत नाही. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात जवळपास ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात पाण्यासाठी काटेपूर्णा धरणाच्या साठ्याकडे डोळे लावून बसणाऱ्या अकोल्यात एवढं पाणी कोण दरवर्षी सोडून देईल? तलाव रिकामा होतो तो टाईल्स उखडल्या किंवा गळती लागली तरच. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ती वेळ येतेच. मग नवा गिलावा होतो, निळ्या टाईल्स बसतात आणि जुनीच जाळी पुन्हा ठोकली जाते. मला हे अक्षम्य वाटतं. उखडलेल्या तळात दुसरा नळ टाकायला जे लागतं, त्याच्या कितीतरी पट खर्च नंतर नव्या टाईल्स फोडून तेच करायला येतो.

कामातही गफलती होतात. गिलाव्याचा थर चढला की जाळीखालचा खड्डा उथळ होतो आणि नळाचं तोंड जाळीला भिडतं. त्या एका जागी ओढ एकवटते. नळाच्या व्यासाच्या निदान दीडपट अंतर मध्ये राहायला हवं. प्लास्टिकची जाळी उघड्या तळात वऱ्हाडी उन्हात पडून राहिली तर ठिसूळ होते. खारपाणपट्ट्यातलं पाणी वापरत असाल तर साधे लोखंडी स्क्रू गंजून झिजतात, तिथं चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. चांगल्या जाळीवर तिचं आयुष्य आणि किती प्रवाह चालेल, हे छापलेलं असतं. तो आकडा पंपाच्या क्षमतेशी जुळवून घ्या.

वेळही महत्त्वाची. भर पावसाळ्यात तलाव रिकामा केला, तर खालच्या भूजलाच्या दाबाने तळ उचलला जाऊन तडकू शकतो. विहिरींची पातळी उतरल्यावर, हंगामाच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत काम उरकावं.

तलाव चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: पाणी सोडण्याआधी स्वतः तळात उतरा आणि जाळी हाताने हलवून पाहा. हलली, तर पाणी सोडू नका.