घरकुलाला पैसे आहेत, जागा कोठे आहे?

रत्नागिरी शहराचा दिवस कोण सुरू करतो? पहाटे मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या टोपल्या उचलणाऱ्या बाया, झाडू घेऊन रस्त्यावर उतरणारे नगर परिषदेचे सफाई कामगार, सरकारी रुग्णालयातील आया आणि वॉर्डबॉय, मिरजोळ्याच्या एम.आय.डी.सी.त पाळीवर जाणारी मुले. यांत आपल्या समाजाची माणसे किती आहेत, हे वाचकांना सांगायला नको. यांतले कित्येक लांजा, संगमेश्वर, राजापूरकडून एस.टी.ने येतात, तर कित्येक कुवारबाव, नाचणे, खेडशी येथे भाड्याच्या एका खोलीत संसार थाटतात. अकरा महिने झाले की भांडीकुंडी उचलायची तयारी ठेवायची. शिवाय खोली दाखवण्यापूर्वी आडनाव विचारणारे मालक अजून संपलेले नाहीत.

मग अशा माणसांसाठी कायद्यात काही सोय आहे की नाही? आहे, पण ती मोठ्या शहरांसाठी. राज्य शासनाने २०१३ साली नियम केला आणि २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत तो कायम ठेवला. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बिल्डरने गृहप्रकल्प केला, तर वीस टक्के हिस्सा अल्प व अत्यल्प उत्पन्न गटांच्या लहान घरांसाठी ठेवायचा आणि ती घरे म्हाडामार्फत सोडतीने द्यायची. नियम चांगला आहे. परंतु तो लागू होतो दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार भरली. म्हणजे शहर लहान म्हणून कामगाराची गरजही लहान, असा हा हिशेब! म्हाडाच्या कोकण मंडळाच्या नावात कोकण आहे, पण त्याची बहुतेक घरे ठाणे, कल्याण, विरारकडची.

केवळ दहा लाखांची अट काढली म्हणजे काम भागेल, असेही आम्हांला वाटत नाही. आपल्याकडे बिल्डिंगा उभ्या राहतात त्या बहुधा दहा-वीस गुंठ्यांवर. चार हजार चौरस मीटर म्हणजे जवळजवळ चाळीस गुंठे. तेवढी जागा एकत्र असलेले प्रकल्प येथे असे कितीसे निघणार? लहान शहरासाठी मर्यादाही लहानच हवी.

आता योजनांकडे पाहू. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. नगर परिषद हद्दीत तिच्यातून अडीच लाख रुपयांपर्यंत मदत मिळते आणि घर २६९ चौरस फुटांचे. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यालाही तेवढेच पैसे. दोन्हीकडे मदत बांधकामाला आहे, जागेला नाही. २६९ चौरस फूट म्हणजे पाव गुंठा. तेवढा पाव गुंठा नावावर नाही म्हणून अर्ज परत येतो.

आणि तो नावावर का नाही, याचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्याच्या मातीत आहे. येथे खोती होती. खोत मालक आणि कसणारा कूळ. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात कायदा झाला तो १९४९ साली. महारवतनाच्या जमिनींचा प्रश्नही कायद्याने १९५८ नंतर सुटला. परंतु जी थोडी जमीन वाट्याला आली, तिचा सातबारा आजही सामाईक! आजोबांचे नाव, त्याखाली वीस-पंचवीस वारसांची नावे. अर्धे मुंबईला, काही हयात नाहीत. शहराला लागून असलेल्या बौद्धवाड्यांत हेच दुखणे आहे. घर बांधायला निघालेल्या एकट्याला सर्वांच्या संमतीशिवाय पुढे जाता येत नाही.

यावर एक उपाय आपल्या हातात आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. वैशाख पौर्णिमेला मुंबईकर मंडळी गावी येतात. विहारात जयंतीच्या वर्गणीचा हिशेब होतो, तेव्हाच सातबाऱ्यावरही बसावे. वारसनोंदी राहिल्या असतील तर त्या आधी करून घ्याव्यात. सरकारी जागेवर जुने घर असेल, तर १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासनाचा निर्णय आहे. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिले पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा, त्यांवरच दावा उभा राहतो.

सफाई कामगारांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे. पंचवीस वर्षे सेवा केलेल्याला मालकी हक्काचे मोफत घर, असे तिचे स्वरूप. पण ती कायम कामगारांची. हल्ली सफाईचे काम ठेकेदाराकडे जाते. त्याच रस्त्यावर, त्याच झाडूने काम करणारा ठेक्याचा माणूस मात्र या योजनेत बसत नाही. पंचवीस वर्षे राबूनही तो कागदावर कोणाचाच कामगार नसतो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येकाला मालकीचेच घर हवे असते असे नाही. गावी घर असलेल्या मुलाला, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या मुलीला शहरात रास्त भाड्याची सुरक्षित खोली हवी असते. प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कामगारांसाठी भाड्याच्या चाळी बांधल्या. परळच्या अशाच बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ पर्यंत राहत होते. खोल्या लहान होत्या, पण कामाच्या जागेजवळ होत्या आणि भाडे परवडणारे होते. तसे काही रत्नागिरीत आज कोणी बांधत नाही.

म्हणून मागणी करायची ती नेमकी करू या. शहराच्या विकास आराखड्यात शाळा, बाजार, बाग यांच्यासाठी जशी आरक्षणे पडतात, तसे कामगारांच्या घरांसाठी आरक्षण पडावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये त्याला वाव आहे. त्या जागेपैकी काही भाग भाड्याच्या खोल्यांसाठी असावा. ठेक्यावरील सफाई कामगाराची सेवा घरासाठी मोजली जावी. कुवारबाव, नाचणे ही गावे नगर परिषदेच्या बाहेर आहेत, तेव्हा तेथील ग्रामपंचायतींनाही सोबत घ्यावे लागेल.

आराखड्यात बदल होतो तेव्हा हरकती व सूचना मागवल्या जातात, त्याची नोटीस निघते आणि मुदत ठरलेली असते. ही नोटीस वाचायला आपल्यातले कोणी जात नाही. प्रत्येक वस्तीतील मंडळाने एका शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला हे काम नेमून द्यावे. महिन्यातून एकदा नगर परिषदेचा आणि नगररचना कार्यालयाचा फलक पाहायचा आणि रविवारी विहारात येऊन सर्वांना सांगायचे. हरकत साध्या कागदावर लिहिली तरी चालते. पोच मात्र शिक्क्यानिशी घ्यावी.