दंतवैद्यक : गुणपत्रिकेपलीकडील योग्या

नीट परीक्षेचा निकाल लागला की आपणा वैद्यमंडळींच्या चिकित्सालयांत आणि औषधविक्रेत्या बंधूंच्या दुकानांतही पालकांची ये-जा वाढते. घरातील मुलाला एम.बी.बी.एस. मिळण्याइतके गुण पडलेले नसतात. मग ‘बी.डी.एस. घ्यावे की बी.ए.एम.एस.?’ हा प्रश्न मोठ्या विश्वासाने आपल्यापुढे ठेवला जातो. ज्याच्याकडे दोन-तीन पिढ्या नाडी दाखविली, त्या वैद्याचा शब्द अशा वेळी घरात प्रमाण मानला जातो. म्हणूनच तो शब्द ऐकीव समजुतीवर नव्हे, तर माहितीवर उभा असावा. दंतवैद्यक म्हणजे नेमके काय, त्याची पूर्वतयारी कशी करावी आणि हा मार्ग कोणत्या मुलास सुचवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्राचा दाखला

दंतचिकित्सा हा विषय आपणांस परका नाही. सुश्रुताचार्यांनी वर्णिलेल्या ६५ मुखरोगांपैकी १५ दंतमूलगत आणि ८ दंतगत आहेत. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक विस्तार केवळ दात व हिरड्या यांच्या विकारांचा आहे. वीस शस्त्रांच्या गणनेत दंतशंकूला स्थान आहे. दंतशर्करा काढताना दंतमूलास इजा होऊ देऊ नये, ही सूचनाही त्यांनी दिली आहे. आजचा दंतवैद्य दातांवरील कीटण काढताना हाच विवेक पाळतो.

परंतु या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्याय. शास्त्राचे अध्ययन पूर्ण केलेल्या शिष्याकडूनही प्रत्यक्ष कर्माचा सराव, म्हणजेच योग्या, करवून घेण्यास तेथे सांगितले आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांसारख्या फळांवर. आहरणाचा सराव फणस, तोंडली व बेल यांच्या गरावर आणि मृत पशूंच्या दातांवर. दात उपटण्याचा सराव जिवंत रुग्णावर सुरू करू नये, हे भान आपल्या आचार्यांना होते. आधुनिक दंतवैद्यकाचे शिक्षण याच तत्त्वावर उभे आहे आणि पालकांना नेमकी हीच बाजू ठाऊक नसते.

प्रवेशाची वाट

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असणे आवश्यक आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. नीटच्या एकूण ७२० गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६०, जीवशास्त्राचे असतात. एम.बी.बी.एस., बी.डी.एस. आणि बी.ए.एम.एस. या तिन्ही अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा आज हीच एक आहे. शासकीय दंत महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उर्वरित जागांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आपल्याकडे मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय यांत शुल्क तुलनेने माफक असल्याने चुरस मोठी असते. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. अभिमत विद्यापीठांची गोष्ट वेगळी. तेथील पाच वर्षांचा एकूण खर्च लेखी विचारल्यावाचून पालकांनी होकार देऊ नये.

या संपूर्ण निवडप्रक्रियेत विद्यार्थ्याच्या हाताची परीक्षा एकदाही होत नाही, ही गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. ज्या व्यवसायात आयुष्यभर बोटांच्या टोकांवर काम करावयाचे, त्याचे प्रवेशद्वार केवळ स्मरण व गणित यांवर उघडते. ही उणीव पालकांनी आणि सल्ला देणाऱ्या आपल्यासारख्यांनी भरून काढावयाची आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

बी.डी.एस. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन यांच्या जोडीस दंतरचनाशास्त्र येते आणि विद्यार्थ्याच्या हाती मेणाचा ठोकळा दिला जातो. त्या ठोकळ्यातून दाढेचा प्रत्येक उंचवटा व प्रत्येक खाच कोरून काढावयाची असते. दुसऱ्या वर्षी औषधीशास्त्र, विकृतिशास्त्र व दंतसाहित्यशास्त्र यांबरोबर कृत्रिम मुखाकृतीत बसविलेल्या दातांवर खड्डे कोरून भरण्याचा आणि संपूर्ण कवळी तयार करण्याचा सराव चालतो. सुश्रुतोक्त योग्येचेच हे आजचे रूप होय. तिसऱ्या वर्षी सामान्य वैद्यक, शल्यचिकित्सा व मुखविकृतिशास्त्र, तर अंतिम वर्षी मुखशल्यचिकित्सेपासून बालदंतचिकित्सेपर्यंत आठ दंतविषय असतात. नेमून दिलेली प्रत्यक्ष कामे पूर्ण झाल्यावाचून विद्यार्थ्याची सुटका नसते.

ज्याचे मन मेणाच्या ठोकळ्यात रमत नाही, त्याला पहिले वर्षच जड जाते. अकरावी-बारावीच्या सुटीत मुलाला एखाद्या परिचित दंतवैद्याकडे आठ दिवस नुसते बसवावे. रक्त, लाळ, दुर्गंध, रडणारे मूल आणि तासन्‌तास वाकलेली मान हे सारे त्याने डोळ्यांनी पाहावे. शाडूची मूर्ती, साबणावरील कोरीवकाम, भरतकाम, घड्याळदुरुस्ती यांपैकी कशात तरी त्याचा हात स्थिर राहतो का, तेही पाहावे. यांत पारंगत असणे आवश्यक नाही. चुकले तर मोडून पुन्हा करण्याचा धीर त्याच्या अंगी आहे का, एवढेच तपासावयाचे आहे.

दोन उदाहरणे

माझ्या परिचयातील एका औषधविक्रेत्याच्या मुलाने बी.डी.एस.ला प्रवेश घेतला. पण मन एम.बी.बी.एस.मध्येच अडकलेले होते. पहिले वर्ष पुन्हा नीट देण्यात गेले, दुसरेही तसेच गेले. गुण वाढले नाहीत आणि इकडे विषय मागे राहिले. हाताचा सराव मात्र ज्या वयात व्हावयाचा, त्या वयात झालाच नाही. पदवी कशीबशी हाती आली, परंतु रुग्णाच्या तोंडात हात घालण्याचा आत्मविश्वास आला नाही. आज तो वडिलांच्या गल्ल्यावर बसतो आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते त्याच गल्ल्यातून जातात.

दुसरे उदाहरण एका सोनाराच्या मुलीचे. लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसून तिने मेणाचे साचे पाहिले होते. दंतवैद्यक ही तिची पहिली पसंती होती. आज तालुक्याच्या गावी तिचे चिकित्सालय आहे आणि माझ्याकडील मधुमेही रुग्ण हिरड्यांच्या तक्रारींसाठी मी निर्धास्तपणे तिच्याकडे पाठवितो. दोघांच्या नीटच्या गुणांत फारसे अंतर नव्हते.

‘बी.ए.एम.एस. करून दातांचे काम करता येईल ना?’

हा प्रश्न अलीकडे वारंवार येतो व त्याचे उत्तर आपण स्पष्ट दिले पाहिजे. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत दुरुस्ती केली. शालाक्य तंत्राच्या विद्यार्थ्यांना ज्या शस्त्रकर्मांचे प्रशिक्षण द्यावयाचे, त्यांच्या यादीत सैल झालेला दात काढणे व दंतमूलनलिकेची चिकित्सा यांचा उल्लेख झाला. त्यावरून देशभर वाद उठला आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला आधुनिक वैद्यांच्या संघटनेने बंदही पुकारला. वादाच्या दोन्ही बाजू बाजूला ठेवल्या तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. ती तरतूद शालाक्यातील पदव्युत्तर प्रशिक्षणाविषयी आहे, केवळ बी.ए.एम.एस. पदवीविषयी नाही. ज्याला आयुष्यभर दातांचेच काम करावयाचे आहे, त्याने बी.डी.एस.चा राजमार्ग धरावा. आयुर्वेदाकडे आडवाट म्हणून येणारा विद्यार्थी ना धड वैद्य होतो, ना धड दंतवैद्य. आणि त्यात आपल्या शास्त्राचीही हानी आहे.

पदवीनंतर

पालकांची समजूत अशी असते की पदवी मिळाली की पाटी लावावी. आपल्या चिकित्सालयास मेज, खुर्ची व औषधांचे कपाट पुरते. दंतवैद्यास रुग्णखुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह व क्ष-किरण यंत्र यांवाचून आरंभच करता येत नाही. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आणि कचऱ्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम पाळावे लागतात. कवळ्या व कॅप बाहेरच्या प्रयोगशाळेतून करवून घ्याव्या लागतात, त्यांचे देयक वेगळे. म्हणून पदवीनंतर दोन-तीन वर्षे अनुभवी दंतवैद्याच्या हाताखाली काढणे हिताचे ठरते.

पुढे एम.डी.एस. ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी नऊ शाखांत घेता येते. अध्यापन, शासकीय आरोग्यसेवा, सैन्यदलातील दंतसेवा आणि सार्वजनिक दंतआरोग्य याही वाटा आहेत. परदेशाचे स्वप्न पाहणाऱ्यांना हेही सांगावे की ब्रिटन, अमेरिका वा ऑस्ट्रेलिया येथे आपली पदवी आपोआप चालत नाही. तेथील परीक्षा द्याव्या लागतात आणि अमेरिकेत बहुधा तेथील महाविद्यालयात पुन्हा काही वर्षे शिकावे लागते. देशांतर्गतही २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला असून त्यात पदवीनंतरच्या निर्गम परीक्षेची तरतूद आहे.

आपले कर्तव्य

गुटखा, तंबाखू व मिश्री यांनी महाराष्ट्राच्या मुखारोग्याची जी दैना केली आहे, ती आपण रोज पाहतो. तोंड पुरते न उघडणारा विशीतला तरुण दंतवैद्याआधी बहुधा आपल्या वा औषधविक्रेत्याच्या दारी येतो. ग्रामीण भागास चांगल्या दंतवैद्यांची गरज आहे, यात शंका नाही. ती गरज निरुपायाने दंतवैद्य झालेली मुले भागवू शकणार नाहीत.

तेव्हा यापुढे कोणी पालक गुणपत्रिका घेऊन आला तर ती जरूर पाहावी; पण त्याआधी मुलाशी दहा मिनिटे एकट्याने बोलावे. त्याला स्वतःला काय हवे आहे, घरची आर्थिक झेप किती आहे आणि हाताने काम करण्यात त्याला आनंद आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींची उत्तरे अनुकूल आली, तर दंतवैद्यक ही दुय्यम निवड आहे असे त्याच्या मनात कोणालाही भरवू देऊ नये. उत्तरे प्रतिकूल आली, तर पालकांना न रुचले तरी तसे स्पष्ट सांगावे. कटू असला तरी पथ्याचा सल्ला देण्याची आपल्या व्यवसायाची रीतच आहे.